हौशी

चावी देताना क्लेमंट ट्रेगीर म्हणाले,
"वरचं कुलूप आधी. खालचं नुसतं दाखवायला."
सव्वीस वर्षं चिटणीस,
आणि निरोपाचं भाषण एवढंच.

वांगानुई नदीकाठची पत्र्याची शेड.
खाली होड्या झोपलेल्या, पालथ्या,
वर माळ्यावर टेबल, शिक्का, किटली
आणि इतिवृत्ताच्या वह्या, ओल धरलेल्या.
पहिल्या आठवड्यात मी त्या वाचल्या,
दुसरं काम सुचेना म्हणून.

बाप तरीवर. हा पोस्टात, टपाल निवडायला.
पहाटे चारला नदी, सातला टपाल.
एकट्याच्या होडीत सलग तीनदा अजिंक्य:
एकावन्न, बावन्न, त्रेपन्न.
शर्यतीला रजा मिळाली. बिनपगारी.
हौसेला मोल नसतं, म्हणतात लोक सहज.
इथे तसं कलमच होतं, छापील, नववं.
पेठेतल्या सराफाने सोन्याचं घड्याळ दिलं,
यांनी ते दुसऱ्या दिवशी चालत जाऊन परत केलं.
डबी आईने ठेवून घेतली, बटणांसाठी.
डबीबद्दल कलमात काही नव्हतं.

वल्हवणाऱ्याची पाठ, जायचंय तिकडे.
सुटत चाललेला काठ मात्र सबंध दिसतो,
धक्का, माणसं, माणसांचे हात.
चिटणीसाची खुर्ची दाराकडे तोंड करून.
सवय व्हायला वेळ लागला असणार.

मग वल्ही मोजली, विमे भरले,
तुंबलेल्या मोरीत हात घातला.
पुराच्या साली कंबरभर पाण्यात उभं राहून
सोळा होड्या वर चढवल्या,
आणि वह्या उन्हात वाळवल्या,
पानापानावर एकेक खडा ठेवून.
त्यातलेच दोन खडे अजून खणात आहेत.

अडुसष्ट. ठराव: बायकांना स्पर्धेत घ्यावं.
बाजूने सहा, विरुद्ध सात.
सातवं मत ट्रेगीर.
मी खाली पायऱ्यांवर होते,
एकोणीस वर्षांची, ओल्या मोज्यांत.
ते उतरले, म्हणाले, "गारठशील."

आणि सत्तर सालचं ते पान.
राविरी, मांसाच्या कारखान्यातला पोरगा,
मनगटं खांबासारखी, हसणं मोठ्ठं.
ऑकलंडच्या शर्यतीला जाताना खाटकाकडून
आगगाडीचं भाडं घेतलं आणि बुटांचा एक जोड.
कोणीतरी कळवलं. एक वर्ष बंदी.
अक्षर यांचंच, तिरकं,
"नियमानुसार" दोनदा आलंय,
दुसऱ्यांदा शाई गाठाळली आहे.
वर्ष संपलं.
राविरी आला नाही.
त्यानंतरच्या कुठल्याच पानावर नाही.

खूप पुढे वरून पत्र आलं:
"हौशी" हा शब्द नियमावलीतून काढावा.
सूचक, ट्रेगीर.
अनुमोदकाने घसा खाकरायच्या आत
त्यांनी पट्टी ठेवली आणि रेघ मारली,
सरळ, कागद किंचित फाटेल इतकी.
मी तेव्हा समितीत नवी, पहिलीच बाई,
चहा ओतत होते, कारण दुसरं कोणी ओतत नव्हतं.
त्यांनी माझ्या हातातून किटली काढून घेतली
आणि सगळ्यांचे पेले स्वतः भरले.

त्या रविवारी गाडी काढून गेले पिपिरिकीला,
नदीच्या वरच्या अंगाला, वळणावळणाने.
काय बोलणं झालं ते वहीत नाही,
आणि वहीत नसलेलं ते सांगत नाहीत.
परतले तेव्हा मागच्या सीटवर
रताळ्यांचं अर्धं पोतं होतं.
सगळ्यांना वाटली. मोजून, प्रत्येकी पाच.

आता सत्तरी उलटली.
धुकं असलं तरी सहाला होडी पाण्यात.
मी खिडकी उघडून बसते, नोंदी लिहीत.
जाताना त्यांचं तोंड माझ्याकडेच असतं,
लहान लहान होत जाणारं.
पुलाच्या अलीकडे विलोची एक फांदी पाण्यावर आलीय,
मी ओरडते, "डावीकडे!"
त्यांच्या की माझ्या,
ते आमचं अजून ठरलेलं नाही.